कपाटात बसवलेल्या फ्रिजची दुरुस्ती : उद्यमनगरातील एका सेवेचे परीक्षण

कोल्हापुरात कपाटात बसवलेला फ्रिज विकणारे आणि बसवून देणारे आता सहज सापडतात. तो बिघडला की मात्र फ्रिजवाला सुताराकडे बोट दाखवतो, सुतार फ्रिजवाल्याकडे, आणि या ढकलाढकलीत घरमालकाच्या व्हिनियरवर, म्हणजे कपाटाच्या दर्शनी लाकडी पापुद्र्यावर, पटाशीचे वण उमटतात. शिवाजी उद्यमनगरातील ज्या सेवेबद्दल मी येथे लिहीत आहे, ती दोन चुलतभाऊ मिळून चालवतात. एक फ्रिजचा तंत्रज्ञ आहे, दुसरा सुतार आहे, आणि दोघे एकाच वेळी, एकाच जबाबदारीवर घरी येतात. आमच्या ताराबाई पार्कातील स्वयंपाकघरात त्यांनी केलेल्या कामावर मी पूर्ण समाधानी आहे, बिलावर बऱ्यापैकी समाधानी आहे आणि त्यांच्या वेळापत्रकावर मुळीच समाधानी नाही. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण आहे तेच काम उरकत नाही, त्यात जाहिरात नको, असे त्यांनीच बजावले आहे. उद्यमनगरात दोन-चार लेथवाल्यांकडे चौकशी केली तर पत्ता मिळतो.

साधा फ्रिज हातभर पुढे ओढला की दुरुस्ती सुरू होते. कपाटातल्या फ्रिजचे तसे नसते. युरोपीय मापाचा असा फ्रिज सुमारे ५६ सेंटिमीटर रुंदीच्या खणात बसतो, दोन्ही बाजूंच्या फळ्यांना स्क्रूने आवळलेला असतो आणि त्याचा दरवाजा आपल्या लाकडी शटरला, म्हणजे कपाटाच्या दाराला, जोडलेला असतो. ही जोडणी दोन प्रकारची असते. काही फ्रिजमध्ये शटर थेट दरवाजावरच बसते आणि बिजागऱ्या फ्रिजच्याच असतात. काहींमध्ये शटर कपाटाच्या बिजागरीवर फिरते आणि फ्रिजचा दरवाजा एका छोट्या पट्टीवरून त्याच्यामागे सरकत येतो. आमच्याकडे हा दुसरा, सरकपट्टीचा प्रकार आहे. शिवाय फ्रिज जमिनीवर नसतो. स्कर्टिंगच्या, म्हणजे कपाटाच्या तळाशी लावलेल्या पट्टीच्या, उंचीवर असलेल्या तळफळीवर तो उभा असतो, म्हणजे बाहेर काढताना त्याला चार बोटांची पायरी उतरावी लागते. मोडतोड होते ती बहुधा या पायरीवरच. फळीची कड तुटते, नाहीतर फ्रिजचे मागचे पाय धाडकन फरशीवर येतात.

आमच्या फ्रिजची तक्रार तशी नेहमीचीच होती. कंप्रेसर थांबायचे नाव घेत नव्हता, खालच्या फ्रीझरमधले मटार मऊ पडत होते आणि स्कर्टिंगच्या पुढे रोज सकाळी पाण्याचे थारोळे दिसत होते. आधी दुसऱ्या एका ठिकाणचा तंत्रज्ञ येऊन गेला. फ्रीझरचे दार उघडून, आत हात घालून त्याने गॅस गेल्याचे जाहीर केले, आणि शटर व कपाट यांच्यामधल्या सिलिकॉनच्या रेषेत स्क्रू ड्रायव्हर खुपसून तो उचकटू लागला. कडेची पट्टी दोन बोटे लांबीने उडाली तेव्हा त्याला थांबवावे लागले. गॅस भरण्यासाठी त्याने आणलेला टॉर्च (दिव्याचा नव्हे, नळ्या जोडण्यासाठी ज्योत सोडणारा) आणि आमची चालू शेगडी यांच्यात चार फुटांचेही अंतर नव्हते. त्या टॉर्चबद्दल पुढे लिहिणार आहेच.

उद्यमनगरातील सेवेला फोन केला तेव्हा बिघाड काय आहे, हा प्रश्न बऱ्याच उशिरा आला. फ्रिजच्या आतील पाटीचा फोटो, स्कर्टिंगचा फोटो, कपाटाच्या माथ्याचा फोटो, प्लग कुठे आहे, फरशी कोणती आहे, स्वयंपाकघरातून बाल्कनीपर्यंतच्या वाटेत उंबरा आहे का आणि कपाटाला पाणी लागले आहे का, एवढे त्यांनी आधी मागवून घेतले. शेवटचा प्रश्न कोल्हापुरात अगदी रास्त आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी ज्या भागांत शिरले, तेथील तळमजल्यांवरची कपाटे वरून नवीन शटर लावून सजवलेली असली तरी खालची फळी फुगलेली असू शकते. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) एकदा पाणी प्यायला की वाळल्यावरही पूर्वीसारखा होत नाही, त्यात स्क्रू धरत नाही, आणि अशा तळफळीवरून सत्तर किलोंचा फ्रिज सरकवला तर ती मधोमध बसते. आयएस ७१० मानकाचे मरिन प्लायवुड असेल तर काळजी कमी. तरी कड न मारलेली बाजू बोटाने दाबून पाहिल्याशिवाय हे भाऊ फ्रिजला हात लावत नाहीत. फळी खराब निघाली तर आधी ती बदलतात, मग फ्रिजचे काम करतात, आणि हे ज्यांना मान्य नसेल त्यांचे काम सरळ नाकारतात.

घरी आल्यावर तंत्रज्ञाचे पहिले वाक्य होते, “काकू, फ्रिज राहू दे, आधी फरशी बघू.” स्वयंपाकघरात आम्ही इटालियन संगमरवर घातलेला आहे. त्याने स्क्रू ड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीने फ्रिजच्या समोरची प्रत्येक लादी ठोकून आवाज ऐकला. खाली सिमेंट नीट भरलेले असेल तर आवाज बद्द येतो, पोकळी असेल तर टणटणीत. दोन लाद्या पोकळ निघाल्या. त्यांच्यावर खडूने फुली मारली आणि फ्रिज त्यांच्यावरून न्यायचा नाही, न्यावाच लागला तर चाकावर नाही, असे ठरले. एकट्या छोट्या चाकाखाली सगळा भार एका बिंदूवर येतो आणि पोकळ लादीला चीर पडायला तेवढे पुरते. बरे, ती चीर त्याच वेळी दिसतेच असे नाही. पुढे आठवड्याने दिसली की दोष कोणाचा, यावर वाद होतो. तो टाळण्यासाठी आधीपासून असलेल्या सगळ्या ओरखड्यांचे फोटो काढले गेले, कागदावर यादी झाली आणि तिच्यावर दोघांच्या सह्या झाल्या. आधीच्या तंत्रज्ञाने उडवलेली कडेची पट्टी त्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती.

यानंतर जे झाले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: फ्रिज जागचा न हलवता निदान. कपाटातल्या फ्रिजचे निम्मे बिघाड आतूनच सुटण्याजोगे असतात, असे या भावांचे म्हणणे आहे. दाराचे रबर, आतला पंखा, तापमानाचा सेन्सर, बर्फ वितळवणारा हीटर, तुंबलेली पाण्याची नळी यांपैकी कशासाठीही फ्रिज बाहेर काढावा लागत नाही. प्लग शेजारच्या कपाटात असल्याने तंत्रज्ञाने तेथे स्वतः बनवलेली एक्स्टेन्शन कॉर्ड जोडली. तिच्या मधल्या वितीभर भागावरचे जाड वेष्टन काढून आतल्या वायरी सुट्या ठेवलेल्या होत्या, कारण करंट मोजणारा क्लॅम्प मीटर पूर्ण केबलभोवती लावला तर काहीच आकडा दाखवत नाही. तो एकाच तारेभोवती लावावा लागतो. कंप्रेसर चालू होता, मात्र करंट नेहमीपेक्षा कमी होता. म्हणजे कंप्रेसर फिरत होता, पण त्याच्यावर कामाचा भार नव्हता.

मग फ्रीझर रिकामा करून त्याने आतले मागचे पॅनेल उतरवले. तेथे दोन गोष्टी डोळ्यांनी दिसल्या. फ्रीझर थंड करणाऱ्या नळीच्या, म्हणजे कॉइलच्या, वरच्या दोन-तीन वेटोळ्यांवर दाट हिम होते आणि खालची सगळी वेटोळी कोरडी होती; गॅस भरपूर असेल तर हिम सगळीकडे सारखे धरते, कमी असेल तर सुरुवातीलाच संपते. दुसरे म्हणजे, कॉइलच्या खाली वितळलेले पाणी जाण्यासाठी जे भोक असते ते बर्फाने बंद झाले होते. ते पाणी फ्रीझरच्या तळाशी साचून दारातून स्कर्टिंगवर येत होते. म्हणजे थारोळ्याचा आणि गॅसचा थेट संबंध नव्हता. दोन वेगळे बिघाड होते. बर्फ काढण्यासाठी त्याने मोठ्या सिरिंजने कोमट पाणी सोडले. चाकूने किंवा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बर्फ काढणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही, आणि तसे करताना ॲल्युमिनियमच्या नळीला सुईएवढे छिद्र पडले की बहुधा नवीन कॉइलच घालावी लागते, हेही येथे सांगून ठेवते.

गॅस गळतो आहे हे पक्के झाल्यावरच फ्रिज बाहेर काढायचे ठरले, कारण कंप्रेसर आणि त्याला जोडलेल्या नळ्या मागच्या बाजूला तळाशी आहेत आणि तेथे पुढून हात पोहोचत नाही. काही मोठ्या अमेरिकी फ्रिजमध्ये कंप्रेसर माथ्यावर जाळीच्या मागे असतो आणि शिडी लावून बरेचसे काम होते. पण तसे फ्रिज दोनशे किलोंच्या पुढे जातात, आणि ते हलवायचेच झाले तर दोन माणसांचे काम नव्हे.

सुताराचे काम येथून सुरू झाले. शटरभोवतीचे सिलिकॉन त्याने नव्या ब्लेडने, कपाटाच्या अंगाला नव्हे तर शटरच्या मागच्या अंगाला टेकवून कापले. प्रत्येक बिजागरीची आणि सरकपट्टीची जागा कागदी टेपवर पेन्सिलने आखून घेतली; मात्र पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशवर ही टेप रात्रभर ठेवली तर काढताना डाग राहतो, म्हणून ती आतल्या बाजूलाच लावली. स्क्रू काढताना ड्रिल मशीन बाजूला ठेवले आणि सगळे स्क्रू हाताने काढले. ते ज्या खणाचे, त्याच खणाच्या क्रमांकाच्या पाकिटात गेले. शटर उतरवून ती बेडरूममध्ये गादीवर उभी न ठेवता आडवी ठेवली गेली. लांब शटर तिरके टेकवून ठेवले तर त्याला बाक येतो, ही गोष्ट आमच्या मूळ इंटिरियरवाल्यांच्या माणसांना ठाऊक असती तर बरे झाले असते.

फरशीवर आधी ओले फडके फिरले, नंतर कोरडे. वाळूचा एक कण आच्छादनाखाली राहिला तर आच्छादनच कानशीचे काम करते. त्यावर नमद्याचा जाड कापड-थर आणि त्यावर सहा मिलिमीटर प्लायवुडचे पत्रे, सांध्यावर सांधा येणार नाही असे, बाल्कनीच्या दारापर्यंत अंथरले गेले. आपल्याकडे जुनी चादर किंवा गोणपाट टाकून फ्रिज ओढण्याची पद्धत आहे. चादर चाकात अडकते, गोळा होते आणि नेमक्या त्या जागी पाय घासला जातो. तळफळीच्या कडेवर ॲल्युमिनियमची काटकोनी पट्टी बसवली गेली. आणि मग त्या पायरीवरचा उपाय आला: तळफळीच्या बरोबर उंचीचा एक लाकडी चौथरा, ज्याच्या चारही कोपऱ्यांखाली पाचरी मारून उंची केसभर इकडे तिकडे करता येते. चौथरा तळफळीला भिडवून, वर लेव्हल ठेवून बुडबुडा मधोमध आल्याची खात्री करून घेतली, तेव्हा फ्रिज पायरी उतरलाच नाही. सपाट रस्त्यावर सरकावा तसा तो खणातून चौथऱ्यावर आला. समोरचे पाय आधीच वर फिरवून घेतलेले होते. या तयारीला जेवढा वेळ गेला त्याच्या पावपट वेळातही फ्रिज सरकवणे झाले, आणि बिलात सर्वांत मोठी ओळ याच तयारीची आहे. मला ती योग्य वाटली. पैसे वाचवायचे म्हणून ही ओळ कापून घेऊ पाहणाऱ्यांनी व्हिनियरचे एक शटर नव्याने करून, जुन्याशी धार जुळवून, पॉलिशची छटा मिळवून घेण्याचा खर्च आधी विचारून पाहावा.

आता टॉर्चविषयी. आमच्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन आहे. तो स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या वायूंच्याच कुळातला, ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड आहे. गळला तर खालच्या बाजूला, स्कर्टिंगच्या पोकळीत साचू शकतो. घरगुती फ्रिजमध्ये त्याचे प्रमाण फार थोडे, साधारण १५० ग्रॅमच्या आतच असते, त्यामुळे वापरात धोका नगण्य आहे; परंतु बंद कपाटात नळी कापून तेथेच टॉर्चने डाग देणे हे जुन्या आर-१३४ए गॅसच्या सवयीने केलेले आंधळे धाडस ठरते. आर-१३४ए पेट घेत नाही, म्हणून त्या काळात शिकलेल्या अनेक कारागिरांचा हात टॉर्चकडे आपोआप जातो. आयसोब्युटेनने त्याची जागा घेतली त्याला कारण आहे: आर-१३४ए चा पृथ्वी तापवण्याचा गुणांक कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटींच्या आसपास आहे, आयसोब्युटेनचा अगदी किरकोळ. पण त्यामुळे दुरुस्तीची रीत बदलायला हवी, आणि ती सगळीकडे बदललेली नाही.

या भावांनी फ्रिज बाल्कनीत नेला. उरलेला गॅस मोकळ्या हवेत सोडला, नळ्यांतून नायट्रोजन फिरवला आणि ड्रायरच्या (गॅसमधली ओल शोषणाऱ्या नळकांड्याच्या) सांध्याजवळ तेलाचा काळपट डाग शोधून काढला. गॅस अदृश्य असला तरी त्याच्याबरोबर कंप्रेसरचे थोडे तेल बाहेर येते, आणि तेथे धूळ चिकटते. गळती शोधण्याची ही खूण साबणाच्या फेसापेक्षा आधी दिसते. (संगमरवरावर हेच तेल पडले तर तो शोषून घेतो आणि डाग सहज निघत नाही, म्हणून कंप्रेसरखाली स्टीलचे ताट होते.) सांधा आगीशिवाय जोडण्यासाठी त्यांनी लोकरिंग वापरली. ही धातूची कडी असते. नळीवर सरकवून खास पकडीने दाबली की ती कायमची आवळते, आणि ज्योत लागत नाही. ड्रायर नवीन घातला, कारण यंत्रणा उघडली की तो बदलायचाच असतो. नंतर व्हॅक्यूम पंप बराच वेळ चालवून आतली हवा आणि ओल ओढून घेतली. आयसोब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे १२ अंशांच्या आसपास असल्याने फ्रीझरच्या तापमानाला कॉइलमधला दाब वातावरणापेक्षाही कमी असू शकतो. तेव्हा त्या बाजूला गळती असेल तर गॅस बाहेर पडण्याऐवजी बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. पावसाळ्यातल्या कोल्हापूरच्या हवेत किती ओल असते, हे कोणाला सांगायला नको. गॅस भरताना दाबाच्या घड्याळावर अंदाज न घेता सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला गेला आणि फ्रिजच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस आत गेला. एकूण प्रमाणच इतके थोडे असते की पाच-दहा ग्रॅमची चूकही कामात दिसते.

फ्रिज लगेच परत खणात गेला नाही, ही मला आवडलेली आणखी एक गोष्ट. तो रात्रभर बैठकीच्या खोलीत, त्याच आच्छादनावर चालू ठेवला गेला. सांधा नीट नसेल तर तो तेव्हाच कळावा. शटर दुसऱ्यांदा उतरवावी लागली की प्लायवुडमधले आटे मरतात.

त्या अवधीत सुताराने रिकामा खण तपासला आणि कंप्रेसर अहोरात्र का चालत होता याचा दुसरा अर्धा भाग तेथे सापडला. अशा फ्रिजला हवा स्कर्टिंगमधल्या जाळीतून आत घेऊन, पाठीमागून वर नेऊन, कपाटाच्या माथ्यातून बाहेर सोडायची असते, आणि कंपन्यांच्या पुस्तिकांत या वाटेसाठी किमान २०० चौरस सेंटिमीटरचा मोकळा छेद सांगितलेला असतो. आमच्याकडे खालची जाळी होती. वरची वाट मात्र छतापर्यंत कपाट एकसंध दिसावे म्हणून शोभेच्या पट्टीने कायमची बंद केलेली होती. गरम हवा वर जाऊन तेथेच अडत होती, आणि पाठीमागच्या फळीचा रंगही त्या जागी किंचित बदललेला दिसला. घरोघरी असे चित्र असणार, कारण ही पट्टी काढा असे सांगण्याचे धाडस इंटिरियरवाले करत नाहीत आणि फ्रिज बसवणारा ती लागण्याआधीच निघून गेलेला असतो. सुताराने दर्शनी भागाला हात न लावता, माथ्याच्या फळीत, खालून पाहिल्यास दिसणार नाही अशा जागी लांबट खाच कापली. कापताना व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड पात्याशीच धरलेले होते. कापलेल्या कडांना पॉलिशचे दोन हात दिले, कारण उघडी कड स्वयंपाकघरातली वाफ पिऊन फुगते.

एक अडचण मात्र सरकपट्टीची होती. तिच्यातले नायलॉनचे बुश (सरकत्या भागातल्या छोट्या कड्या) झिजलेले होते, शटर त्यामुळेच कुरकुरत होते, आणि कंपनीकडून ते सुटे मिळत नव्हते. पूर्ण संच मागवा, काही आठवडे थांबा, असे उत्तर आले. तंत्रज्ञाने जुने बुश खिशात टाकले, उद्यमनगरात जाऊन लेथवर नायलॉनच्या सळईतून चार नवे तासून आणले आणि दोन घरी सुटे देऊन ठेवले. ज्या गावाने ऑइल इंजिनांचे सुटे भाग पिढ्यान्‌पिढ्या तासले, तेथे चार बुशांसाठी महिनाभर फ्रिज बंद ठेवणे तसेही शोभले नसते.

पुन्हा जोडताना पाहण्यासारखी गोष्ट स्क्रूंची होती. प्लायवुडच्या जुन्या भोकात स्क्रू ठेवून सुताराने तो आधी उलटा फिरवला. एका जागी तो किंचित खाली पडल्यासारखा झाला, बारीक ‘टक’ ऐकू आले, आणि मग तो सुलटा आवळला. म्हणजे स्क्रू आपल्या जुन्याच आट्यांत बसतो, नवे आटे पाडत नाही, आणि फळीची पकड टिकते. शटरमधली फट सारखी राहावी म्हणून त्याने एक मिलिमीटर जाडीच्या सनमायकाचे तीन तुकडे एकावर एक ठेवून सगळीकडे फिरवले. उडालेली कडेची पट्टी त्याच व्हिनियरच्या तुकड्याने सांधून दिली. सांधा शोधल्याशिवाय दिसत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असताना लावलेली फट थंडीत वाढते, म्हणून दिवाळीनंतर बिजागऱ्या पुन्हा जुळवून देऊ, असे त्याने सांगितले होते आणि तो खरोखरच आला.

आता उणिवा. फोन केल्यापासून प्रत्यक्ष येईपर्यंत इतके दिवस गेले की आमचे दूध-भाजी शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला होती, आणि येण्याचा दिवस न सांगता पुढे ढकलला गेला. अंदाजपत्रक तोंडी होते. सुतारकामाचे तास त्यात धरलेले नव्हते, ते बिलात नंतर दिसले. रक्कम वाजवी होती, तरी आधी लिहून मिळायला हवी होती. हमी फक्त जोडलेल्या सांध्यापुरती आणि भरलेल्या गॅसपुरती आहे. इन्व्हर्टर कंप्रेसरचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड ते दुरुस्त करत नाहीत, नवीन मागवून बसवतात, आणि परदेशी फ्रिजचा बोर्ड पुण्या-मुंबईहून येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो. काम संपल्यावर खणातला भुसा त्यांनी काढला, पण बाल्कनी आम्हालाच धुवावी लागली. एकंदरीत पाचांपैकी चार गुण. पाचवा गुण वेळेसाठी राखून ठेवला आहे.

ज्यांचा फ्रिज अजून कंपनीच्या हमीत आहे, त्यांनी या सेवेकडे थेट जाऊ नये, कारण बाहेरच्या माणसाने नळी कापली की कंपनी बहुधा हात वर करते. अशा वेळी कंपनीचा तंत्रज्ञ येण्याआधी शटर आणि स्कर्टिंग उतरवून, फरशी झाकून, चौथरा लावून देण्याचे काम एवढेच हे भाऊ वेगळ्या दराने करतात आणि दुरुस्ती झाल्यावर सगळे पूर्ववत बसवून देतात. भिंतीलगत सुटा ठेवलेला साधा फ्रिज असेल, तर मात्र त्यांना बोलावू नका. तपासणीची फी तेवढीच घेतात, आणि त्या कामाला राजारामपुरीत किंवा लक्ष्मीपुरीत कोणीही चांगला माणूस चालेल.